लायटरचा मग

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडल्या आमच्या कॅथरीन गावात गाडीचा एसी दुरुस्त करणारे तिघं आहेत. दोघं झटपट करून देतात, तिसरी ग्लेनिस पास्को. मी तिच्या शेजारीच टायर बदलतो, त्यामुळे तिच्या गिऱ्हाइकांची रडगाणी माझ्याच कानी येतात. बाई फार वेळ लावते, फार बोलते आणि दारातच लायटर काढून घेते. हे तिन्ही खरं आहे. दाराशी खिळ्याला एक इनॅमलचा मग टांगलेला असतो. आत येणाऱ्यानं लायटर त्यात टाकायचा, मग तो पाद्री असो की पोलीस. नाही टाकला, तर ग्लेनिस हातातला पाना खाली ठेवते आणि चहाला आधण ठेवते.

ती वाढली गुरांच्या एका मोठ्या फार्मवर. बाप तिथं स्वयंपाकी. मांस ठेवायची थंड खोली बिघडली की साऱ्यांचं खाणं नासायचं, आणि मिस्त्री यायला आठवडा लागायचा. म्हणून पोरीनंच ते काम शिकून घेतलं. शिकताना नळीतून निसटलेल्या गॅसनं तिचं एक बोट गोठवलं, ते अजून पांढरट आहे. ते ती ज्याला त्याला दाखवते. नम्रपणा तिच्या गावीही नाही. थंडी कुणी बनवत नसतं, ती म्हणते, आतली उष्णता उचलून बाहेर टाकायची असते. ही हमाली आहे.

गेल्या ऑक्टोबरात नेव्ह हॅनराहन गाडी घेऊन आला, सोबत बायको आयोना. आयोनाला नसांचा आजार आहे. अंग तापलं की तिचे पाय ऐकत नाहीत, नजर धुरकट होते. गार झाली की हळूहळू सगळं परत येतं. दुसऱ्या दिवशी डार्विनला त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि मुलीनं हट्ट धरला होता की चर्चमध्ये आईनंच हात धरून चालत न्यावं. चार तासांचा रस्ता, बाहेर भट्टी आणि गाडीतला एसी मेलेला. नेव्हनं आणि मी आयोनाला उचलून ग्लेनिसच्या गार खोलीत बसवलं.

ग्लेनिसनं यंत्र लावण्याआधी डॅशबोर्डच्या जाळीला नाक लावलं. मग नेव्हला विचारलं, माझ्याआधी ह्यात कुणी हात घातलाय का. नेव्ह म्हणाला, कुणी नाही.

"बरं. मग आत बस, काचा वर कर. मगमधला तुझा लायटर आणून देते, निवांत एक सिगारेट ओढ."

ती जागची हलली नाही. नेव्हही हलला नाही. त्याचे कान लाल झाले.

आमच्याकडच्या पुरुषांना बार्बेक्यूची गॅसची टाकी म्हणजे घरचंच माणूस वाटतं. एसीतला गॅस संपला, तर तोच गॅस भरायचा, गॅस तो गॅस, असं सांगणारा शहाणा प्रत्येक गल्लीत असतो. नेव्हनंही तेच केलं होतं. त्यानं गारही छान होतं, तीच तर पंचाईत. पण तो पेटतो. आणि त्याच्या गाडीत गळती होती डॅशबोर्डच्या मागे, ज्याच्या समोर बसून नेव्ह दिवसभर सिगारेटी ओढायचा.

"गाढवा," ग्लेनिस म्हणाली, "बायकोला चुलीत बसवून फिरवत होतास."

खोलीचं दार उघडंच होतं. आयोनानं सगळं ऐकलं.

गाडी आम्ही ढकलत उघड्या अंगणात नेली. ग्लेनिसनं बॅटरी सोडवली, हातमोजे आणि चष्मा चढवला, भेसळीच्या गॅससाठी राखलेल्या वेगळ्या यंत्रानं तो काढून घेतला. सांध्यातलं झिजलेलं रबर बदललं. मग पंप लावून नळ्यांतली हवा नि ओल खेचून काढली, पंप बंद केला आणि दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसली.

काटा सरकला. अगदी केसभर. म्हणजे कुठून तरी हवा अजून आत शिरत होती.

नेव्ह काकुळतीला आला. "भर गं तेवढ्यावर. उद्यापुरतं चाललं तरी बास."

"आणि अर्ध्या वाटेत संपलं तर? तिला खांद्यावर घेऊन पळणारेस?"

तिनं पुन्हा सगळं खोललं. नव्या रबरालाच बारीक चीर होती. ते बदललं, पुन्हा पंप. ह्या वेळी काटा थांबला तो थांबलाच. मी टायरचा माणूस, हवा कोंबून पोट भरणारा. त्या नळ्यांत आता काहीच नव्हतं, हवासुद्धा नाही, आणि ते काहीच-नसणं ह्या बाईनं असं सांभाळलं होतं की मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं. मी टोपी काढली. का काढली, सांगता येणार नाही.

मग सोनारासारखा वजनकाट्यावर तोलून तिनं योग्य तो गॅस भरला, बॅटरी जोडली आणि गाडी सुरू केली. जाळीतून येणारा वारा हाताला झोंबायला लागला, तेव्हा आयोनाला आत बसवलं आणि काचा लावल्या.

आम्ही बाहेर उन्हात घाम पुसत उभे. आधी तिची बोटं मांडीवर हलली. मग तिनं कपाळावरचे केस स्वतः मागे सारले. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि आयोना उतरली. नेव्ह धावला, तिनं हातानंच थांबवलं. सावकाश, पण सरळ चालत ती ग्लेनिसच्या गॅरेजच्या दाराशी गेली, मगमध्ये हात घातला, नेव्हचा लायटर काढला आणि आपल्या पर्समध्ये टाकून पर्स बंद केली.

"चल," ती त्याला म्हणाली, "पोरीला उशीर नको."