काकूंच्या शेजारची खुर्ची

काकू आमच्या ऑफिसात आल्या त्या नऊ वर्षांच्या खंडानंतर. आजारी सासऱ्यांपायी नोकरी सोडली होती. साहेबांनी त्यांना नेमकं माझ्या शेजारी बसवलं. एक कीबोर्ड, दोन खुर्च्या, दोघांनी मिळून एकच प्रोग्रॅम लिहायचा. तोवर ऑफिसात सगळ्यात हुशार मी होतो, आणि लवकरच होणारी नवी टीमही चालवायला मलाच मिळणार, असं मी गृहीत धरलं होतं.

काम होतं दवाखान्यात पेशंटांना दिलेल्या वेळा नोंदवण्याचं. मी लिहायला हात उचलला, की काकू म्हणायच्या, "थांब रे, आधी टेस्ट." म्हणजे प्रोग्रॅमच्या आधी त्याची परीक्षा लिहायची, ती लाल होऊन नापास झालेली डोळ्यांनी बघायची, आणि मग ती हिरवी होईल एवढंच लिहायचं.

"सासऱ्यांना गोळी द्यायच्या आधी मी चिठ्ठी वाचायचे. तीच सवय लागली बघ," त्या हसून म्हणायच्या.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण दर वेळी त्यांचंच बरोबर निघायचं. कुणाचं काही अडलं, की लोक माझ्या डोक्यावरून त्यांना हाक मारायला लागले. मी मेलो होतो का?

एकदा त्यांनी विचारलं, "दोन पेशंटांनी एकाच क्षणी एकच वेळ मागितली तर?"

"काहीतरीच काय, काकू!" मी म्हणालो. टेस्ट लिहिली. लाल. वेळ दोघांनाही मिळत होती! दुपारभर दोघांनी खपून ती हिरवी केली. काकू चहाला गेल्या आणि मी काम ऑफिसच्या सर्व्हरवर चढवलं. खाली दोघांची नावं घालायची आमची रीत होती. मी माझं एकट्याचं घातलं.

सोमवारी साहेबांनी ते मोठ्या पडद्यावर लावलं. "सगळ्यांना सांग, ही टेस्ट तुला सुचली कशी? नवी टीम तुझीच."

माझी नजर काकूंकडे गेली. सगळेही तिकडेच बघायला लागले. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं.

"यांनाच विचारा," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी नुसती शेजारी बसले होते."

टीम मला मिळाली. काकूंनी टेबल बदलून घेतलं. आता त्यांच्या शेजारी एक नवी मुलगी बसते. "थांब गं, आधी टेस्ट," असं ऐकू येतं, मग दोघी खळखळून हसतात, आणि मला त्या मुलीचा इतका हेवा वाटतो की माझ्या हातून ओळ चुकते.

माझ्या टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या आहेत. मला सुचल्या तेवढ्या.