लोलक नसलेली घंटा

माझं शिक्षण आठवीपर्यंत, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. भुतंखेतं, करणी असलं मी कधीच मानलं नाही. आमच्या गावात सगळे ज्या पिंपळाला घाबरायचे, त्याच्याखाली मी दुपारची झोप काढायचो. तरी हे लिहितोय, कारण तेव्हा खोलीत मी एकटा नव्हतो.

आखातात, मुसफ्फातलं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. फोरमन जियानसाहेब स्वित्झर्लंडचे, पार वरच्या डोंगरातले. त्यांच्या गावात रोमान्श नावाची भाषा बोलतात, शाळेत मुलं उरली होती अकरा. मला ड्रॉइंग वाचायला त्यांनीच शिकवलं. हेल्परचा वेल्डर झालो तो त्यांच्यामुळे... घरी आज चूल पेटते ती त्यांच्याच पुण्याईनं.

जेवताना गावचं सांगायचे. एक मार्चला पोरं गाईंच्या घंटा घेऊन घरोघर फिरतात, थंडीला हाकलायला. दार उघडेपर्यंत वाजवत राहायचं.

"और नहीं खोला तो?"

"तो विंटर उसी घर में रहता है, पवार!"

उरलेल्या पत्र्यातून आम्ही तशी एक घंटा केली. आतला लोलक तेवढा बसवायचा राहिला.

मग मंदीचा क्रॅश. कामं बंद, रोज कुणालातरी 'यल्ला', म्हणजे चल, नीघ. जानेवारी २०१० मध्ये एका टाकीचा जोड फुटला. जोड माझा होता. साहेबांनी तपासून 'फिर से कर' म्हटलं होतं. मी आळसानं नुसता ग्राइंडर फिरवून वर रंग मारला होता.

मॅनेजर म्हणाला, "लिख के दे, फोरमन ने चेक नहीं किया. नहीं तो तू जाएगा, खलास."

मी सही केली.

साहेबांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात त्यांना कामावरून काढलं. जाताना घंटा माझ्याकडे दिली, सोबत चिठ्ठीवर गावचा फोन नंबर. दोन्ही मी लॉकरमध्ये टाकलं.

एक मार्च, दुपारी एक. आम्ही चौघं लॉकरच्या खोलीत डबे उघडून बसलो होतो. कॉम्प्रेसर बंद, एसी बंद. आणि माझ्या लॉकरमधून...

"अबे पवार, भैंस पाली है क्या अंदर?" शकीलभाई हसला. मग त्याचं हसू गेलं. घंटा थांबेचना. "खोल ना भाई!"

उघडलं — थांबली. आत लोलक नव्हताच. पत्रा मात्र बर्फासारखा गार.

दोन आठवड्यांनी हिंमत करून त्या नंबरवर फोन लावला, माफी मागायला. त्यांची बहीण होती, इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. साहेब गेल्याच आठवड्यात वारले. म्हणाली, परत आल्यापासून कुणाशी बोलला नाही. एक मार्चला सकाळी दहाला पोरं दारात किती वेळ घंटा वाजवत होती... जन्मात पहिल्यांदा त्यानं दार उघडलं नाही.

तिथले दहा म्हणजे इथला एक.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"सोबत काम करायचो," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता त्यांच्या जागी फोरमन मी आहे. घंटा खोलीवर आहे, लोलक अजून बसवलेला नाही. पुन्हा कधी वाजली नाही. ती का वाजली, कशी वाजली, मला आजही सांगता येत नाही. दर एक मार्चला मात्र सुट्टी टाकतो आणि सकाळपासून दार उघडं ठेवून बसतो. खोलीतले विचारतात, कोई आनेवाला है क्या?

कुणी येत नाही.