शिवणीचा पाय

आमचे हे लढाईवरून परत आले तेव्हा घरातल्या सगळ्यांनी त्यांचा डावा पाय पाहिला. मी तोंड पाहिलं. पाय गुडघ्याखाली नाही हे आधीच कळलं होतं, त्यामुळे रडायचं ते रडून झालं होतं. तोंडाचं मात्र कुणी कळवलं नव्हतं.

बसऱ्याच्या मुलखात लढायला जायच्या आधी हा माणूस म्हणजे तापलेला तवा. बैल आडवा गेला की सगळ्या कंग्राळी गावाला ऐकू जाईल असे ओरडायचे, आणि दिवसातून एकदा तरी माझ्याशी भांडल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. मीही काही कमी नव्हते. माझं माहेर गुंजीचं, जंगलाकडचं. तिकडं हळू बोललं तर झाडापलीकडच्या माणसाला ऐकू जात नाही, म्हणून आमचे आवाजच मोठे.

परत आलेले हे मात्र मला म्हणायचे, "जरा पाणी देतीस का?" देतीस का! भाकरी करपली तरी मुकाट्यानं खायचे, वर "चांगली झालीया" म्हणायचे. सासूबाईंना वाटलं, लढाईनं पोरगा शहाणा केला. मला भीती वाटली. दिवसभर सोप्यात खांबाला टेकून दोर वळत बसायचे. मला बाराखडी त्यांनीच शिकवली, कारण तेव्हा त्यांना दुसरं काम नव्हतं. म्हणून तर आज हे लिहिता येतंय. शिकले मी आवडीनं, पण मला घरात मास्तर नको होता, नवरा हवा होता. त्यांनी उठून शेतात जावं आणि माझ्यावर एकदा तरी पूर्वीसारखं ओरडावं, एवढंच माझं देवाकडे मागणं होतं.

सरकारनं एक पाय दिला होता, कातड्याचा आणि लोखंडी पट्ट्यांचा. सडकेवर तो बरा चालायचा. पण आमची जमीन भाताची, आणि लावणीच्या दिवसांत ती जमीन कसली, नुसता रेंदा. पहिल्याच वर्षी हे बांधावरून खाली उतरले आणि पाय रुतून बसला. चौघांनी धरून बाहेर ओढलं. त्यानंतर ते शेताकडे फिरकले नाहीत.

गावचे सुतार आप्पा माझ्या सासऱ्यांचे जुने दोस्त. त्यांना हे बघवेना. एक दिवस ते दोरीनं माप घेऊन गेले आणि जाता जाता म्हणाले, "शिपायाचा पाय हाय. शिसवीचाच करनार."

लाकूड मान बघून वाटायची आमच्याकडची रीत. बाभळ कुळवाला आणि गाडीच्या चाकाला, ऐन घराच्या तुळईला, फणस देवघराला, आणि शिसव पाहुण्याच्या पाटाला नाहीतर श्रीमंताच्या पलंगाला. लढाईवरून आलेल्याला साध्या लाकडाचा पाय देणं म्हणजे त्याला फाटकं पागोटं बांधण्यासारखं. सगळ्या गावाला आप्पांचं म्हणणं पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

शिसव भारी कठीण. तासताना वाकसाची धार सारखी जायची आणि आप्पा पुन्हा पुन्हा ती दगडावर लावत बसायचे. पण पाय झाला तो असा की बघत राहावं. काळपट जांभळा रंग, त्यात फिकट रेषा, आणि तेल चोळल्यावर अंगावर आलेली झळाळी. शेजारच्या गावांतून माणसं तो बघायला आली. सासूबाईंनी तर दृष्ट लागू नये म्हणून त्या पायावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. लेकाच्या उरलेल्या पायाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं.

पाय देखणा होता आणि जड होता. हातात घेतला की भरली कळशी उचलल्यासारखं वाटे. हे रोज तो बांधायचे, गावातून एक फेरी मारायचे, लोकांच्या माना डोलवून घ्यायचे आणि घरी येऊन सोडायचे. तोंडातून एक शब्द नाही. एका संध्याकाळी मीच पट्टा सोडला तर गुडघ्याखालचं कातडं सोललेलं.

"अहो, हे काय?"

"असू दे. आप्पांनी एवढ्या मायेनं केलाय."

माझं डोकं फिरलं. पाय काखेत मारला आणि तडक आप्पांच्या पडवीत गेले. "आप्पा, पाय लई देखना हाय," मी म्हणाले, "पन त्यो ह्यास्नी नेत न्हाय, हेच त्याला नेत्यात."

आप्पांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेतलं नाही. पाय हातावर तोलून बघत ते म्हणाले, "शिवण पायजे व्हती. चुकलंच माजं. हलकी असती, पन भुसभुशीत न्हाय. भिजली तर फुगत न्हाय, वाळली तर वाकत न्हाय."

शिवणीचं झाड मला ठाऊक होतं. गुंजीकडे पाळणे आणि ढोलकीची खोडं शिवणीची करतात. मी म्हणाले, "मग तोडा की एखादी."

"वली तोडून काय करू, पोरी? दोन पावसाळे सावलीत पडाय पायजे. वाळल्याली शिवण गावात एकच हाय."

ती कुठे आहे हे मलाही माहीत होतं. देवळाच्या माळ्यावर, ग्रामदेवाच्या नव्या पालखीसाठी ठेवलेली.

गावात गिल्ला झाला. पालखीच्या लाकडानं शेण तुडवायचं? देवाच्या लाकडाला कुणी चिखलात उभं करतं का? काल मीठमोहऱ्या ओवाळताना माना डोलावणारीच माणसं आज बोलत होती. शेवटी गुरव म्हणाला, कौल लावू. म्हणजे देवाच्या दगडी मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडेपर्यंत देवळात कुणी खाली बसायचं नाही, असा नेम.

त्या सकाळी सगळा गाव देवळात उभा. आप्पांचा मान राखायचा म्हणून हे शिसवीचाच पाय बांधून आले होते. प्रश्न विचारून झाला. पाकळ्या जागच्या जागी. ऊन पायरीवरून आत आलं, पोरं कंटाळून रडायला लागली, माझ्या मागची एक म्हातारी पुटपुटली की गुरवानं पाणी जास्तच लावलंय. मी बायकांच्या बाजूला उभी होते. देवाकडे बघायचं सोडून मी ह्यांच्याकडे बघत होते. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. शिसव इतकी काळी की तिच्यावरून उतरलेलं रक्त कुणाला दिसलं नाही. फरशीवर आलं तेव्हा दिसलं.

गुरवानं वळून पाहिलं. "बस रं खाली," तो म्हणाला.

"कौल न्हाय पडला अजून," हे म्हणाले.

"पडंल तवा पडंल. तू बस."

गुरव स्वतः जाऊन शिडी घेऊन आला आणि आप्पांना म्हणाला, ओंडका खाली घ्या. कुणीतरी मागून विचारलंच, "आनि कौल?"

"पाकळीची वाट बघत देवळात मानसाचं रगत सांडलं," गुरव म्हणाला. "आता आनि काय इचारायचं देवाला?"

आप्पांनी ओंडका खाली घेतला. पालखीसाठी त्याच आठवड्यात दुसरी शिवण तोडून माळ्यावर टाकली, आणि तोवर जुनी पालखी करकरत का होईना, चालली.

शिवणीवर आप्पांची पटाशी लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. फिकट पिवळं लाकूड, वास जवळजवळ नाहीच. पाय बसवायच्या वेळी आप्पा ह्यांच्या गुडघ्याखाली गुंडाळलेल्या फडक्याला काजळ लावायचे, लाकडाच्या खोबणीत दाबून बसवायचे, आणि जिथं काळा डाग उठेल तिथं लाकूड टोचतंय म्हणून तेवढंच खरवडायचे. असं किती वेळा केलं देव जाणे. आत सावरीच्या कापसाची गादी घातली. तळवा बदकासारखा रुंद केला, म्हणजे चिखलात रुतणार नाही. शिवण मऊ, लवकर झिजेल म्हणून खाली बाभळीची पट्टी मारली, तीही बांबूच्या खिळ्यांनी, कारण लोखंड गंजतं. साध्या बाभळीला शेवटी त्या पायात जागा मिळाली आणि कुणाचा मान गेला नाही.

लावणीच्या दिवशी हे बैलांच्या मागं चिखलात उतरले. मी बांधावर रोपांच्या पेंढ्या घेऊन उभी. पहिली पावलं बरी गेली. मग वळणावर बैलांनी हिसका दिला आणि हे तोंडावर आपटले. सासऱ्यांसकट माणसं धावली. मी ओरडले, "कुनी जायचं न्हाय!" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ढकललं होतं.

चिखलात हात रोवून ते हळूहळू उठले. डोक्यापासून पायापर्यंत नुसता राड. शिवणीचा पाय फसकन वर आला, आणि ते त्याच्यावर भार टाकून सरळ उभे राहिले. डोळ्यांवरचा चिखल पुसला. इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अगं ए! जत्रा बघाय आलीस व्हय? रोपं आन की हिकडं!"

ओरडणं पार पलीकडच्या शिवारात गेलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, दोन्ही हात पेंढ्यांत, पुसायची सोय नाही. तशीच चिखलात उतरले आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडले, "आनतेच हाय की! दम न्हाय निघत व्हय?"

लावण करणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहिल्या. भर शेतात, सासऱ्यादेखत, नवऱ्याला उलट बोललेली मी. मला इतका आनंद झाला होता की लाजायचं राहूनच गेलं.