दादाच्या गोल्ड कार्डावरचा पाहुणा

मी लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं मीच कपाटात लावतो, पण त्यातल्या एकाही गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नाही... आजही ठेवत नाही. दादाची ही हकीकत त्या कपाटात ठेवू नका, एवढीच विनंती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नांदेडला राहायचा, डाळमिलची यंत्रं विकायचा. त्यासाठी सारखी फिरती. नांदेडची विमानं त्याच्या कामाच्या वेळांना जुळत नसत, म्हणून पहाटेच गाडीनं निघून हैदराबाद गाठायचा आणि तिथून पुढे उडायचा. त्याच्या पाकिटात एका विमान कंपनीचं गोल्ड कार्ड असे. दरसाल मार्चअखेरपर्यंत ठरावीक प्रवास झाले तरच ते टिकायचं. फेब्रुवारी लागला की हा बोटांवर प्रवास मोजू लागायचा.

"हजेरी भरायला जाऊन राहिलास का, दादा?" मी चिडवायचो.

"मास्तर, तुला न्हाई कळायचं. कार्डावर लाउंज भेटतो."

मास्तर म्हणजे मी. शिकवत नाही, पण सदा पुस्तकात डोकं म्हणून. हे नाव फक्त त्याचं. दुसरं कुणी मला तशी हाक मारत नाही.

लाउंज म्हणजे विमानतळावरचा खास आरामकक्ष; तो त्याला खाण्यापिण्यासाठी नको होता. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय दादा चहासुद्धा घेत नसे. पहाटे निघालं की पूजा राहायची. ती तो हैदराबादच्या लाउंजमध्ये करायचा. खिडकीजवळची कोपऱ्यातली खुर्ची, बशीत थोडं पाणी, कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग. मग इडली.

"कार्ड गेलं तर पूजा कुठं करू?" तो म्हणायचा. "गेटापाशी, लोकांच्या बॅगांमधी?"

या वर्षी एक प्रवास कमी पडत होता. त्यानं हैदराबाद ते कोइमतूरची दोन तिकिटं काढली, त्यातलं एक माझं. मी तोवर विमानात बसलो नव्हतो. तो बोलवायचा, मी परीक्षा, पुस्तकांची मोजणी, काहीतरी काढून टाळायचो.

"कार्डावर एक पाहुणा नेता येतो," दादा म्हणाला. "दरसाल ती जागा रिकामी जाऊन राहिली. या खेपेला कारणं नकोत."

मी हो म्हणालो. नऊ दिवसांनी दादा गेला. हृदयविकार. आमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली. तळहातावर लिंग मीच ठेवलं.

तिकिटं रद्द करायला बसलो तर वहिनी म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या. तुमी जा. त्यांचं येवढं एक इमानाचं तिकीट ऱ्हायलंय."

नियम मी वाचून काढले होते. "वहिनी, सभासद स्वतः बसला तरच प्रवास धरतात. कार्ड जाणारच."

"जाऊ द्या की. पर त्यांना हाव म्हनला होता ना तुमी?"

गेलो. लाउंजच्या दाराशी थांबलो. मला आत जायचा हक्क नव्हता. बाहेरून ती खुर्ची दिसते का, एवढंच बघायचं होतं. काउंटरवरच्या बाईनं मान वर केली.

"आप मास्तर हैं ना? सर अब्बीच अंदर गए. बोले, मेरा मेहमान आएगा, बिठा देना."

"कौन सर?"

"दाल मशीनवाले सर... नांदेड के." ती हसली. रोजच्या माणसाबद्दल बोलताना हसतात तशी.

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. टेबलावर बशी. तळाला थोडं पाणी, काठावर बोटाला लागेल एवढी विभूती — अजून ओली. घाईत त्या दिवशी माझीही पूजा राहिली होती. तिथंच बसलो, गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. मग इडली खाल्ली.

निघताना त्या बाईला विचारलं, "सर किधर गए?"

"गेट पे गए होंगे. लाइन में."

विमानात माझ्या शेजारची जागा दार बंद होईपर्यंत रिकामी होती. नंतरही रिकामीच. मी पूर्ण वेळ तिकडेच बघत होतो.

दादाचा मोबाइल वहिनी अजून चार्ज करतात. चौथ्या दिवशी त्यावर निरोप आला: प्रवास जमा, गोल्ड आणखी वर्षभर कायम. मी कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं की त्यांच्या नोंदीप्रमाणे दोन्ही प्रवासी विमानात चढले होते.

यंत्राची चूक असेल. त्या बाईच्या डोक्यात आधीचा एखादा दिवस असेल. पण 'मास्तर' तिला कुणी सांगितलं, आणि ती ओली विभूती कुणाची... उत्तर शोधायचं मी थांबवलंय.

एक गोष्ट वहिनींनाही सांगितली नव्हती. समाधीवर माती लोटताना मनात आलं होतं — आता हा रोजची पूजा कुठं करणार?

ती काळजी तेवढी गेली.