लाखेचा पाळणा

आईने पाळण्यात हात घातला, तेव्हा नुकतेच दोन दात आलेला माझा धाकटा भाऊ गार पडला होता. तरी ती दोरी ओढतच राहिली, आणि तुळईच्या कड्या कुरकुरत राहिल्या… घरात ओव्याच्या धुरीचा, करपलेल्या दुधाचा आणि ओल्या गोधड्यांचा वास कोंडला होता. त्याच्या आधीची भावंडंही याच तांबड्या-हिरव्या लाखेच्या सागवानी पाळण्यातून गेली होती; बारशाआधीच गेली, म्हणून त्यांना नावंही नव्हती; त्या धास्तीने धाकट्याचंही बारसं केलं नव्हतं.

मग मला ताप चढला. आमच्याकडे मूल जगत नसलं की ते दुसऱ्याला विकत, म्हणजे मरण आलं तरी त्याला ते घरात सापडत नाही. मी चांगली चार वर्षांची, तरी आईने मला पाळण्यात निजवलं. पाय बाहेर लोंबत होते. शेजारच्या गऊकाकूने मूठभर कोंडा आईच्या पदरात टाकला आणि म्हणाली, "आता ही माझी कोंडी. तुजं हितं कुणी न्हाई." तेव्हापासून मी कोंडाबाई. आधीचं नाव मलाही आठवत नाही.

आईमागे तो पाळणा मी जुन्नरला सासरी आणला. लोकांनी नाकं मुरडली. मुरडोत.

परवा माझा मुलगा तानाजी जुन्या फर्निचरचा व्यापारी घेऊन आला. दारात टेम्पो — त्यात कुणाचे कोरीव खांब, कुणाचा देव्हारा. व्यापाऱ्याने नखाने लाख खरवडून पाहिली. ती काढून पॉलिश मारायचं, वर काच बसवायची, हॉटेलात टेबल होईल म्हणाला. कठड्यावरचे बारीक व्रण पाहून, हे डागही घासून जातील म्हणाला.

ते धाकट्याचे दात आहेत.

हमालांनी पाळणा ओसरीवर आणला, तशी मी दारात आडवी बसले.

"आजी, सरका की. भाव वाढवून देतो."

"भाऊ, ह्याच्यात घालून मला कोंड्यावर इकलीया. ह्या पाळण्याचा तेवढा एक सौदा बास."

"आये, मेलेल्या पोरांचं काय ठिवायचं?" तानाजी म्हणाला.

"त्यास्नी नाव न्हाई, फोटू न्हाई. एवढंच हाय."

टेम्पो आळेफाट्याकडे गेला. पाळणा पुन्हा तुळईला टांगलाय, त्यात मी लसूण ठेवते. लाख उडालीय, दातांचे व्रण आहेत.

त्यातून स्वतःच्या पायांनी उतरलेली मी एकटीच.