आत्याने बदलून घेतलेले पाइप

गळका नळ दिसला की आमच्या आत्याचं डोकं फिरायचं. आमच्या जुन्या इमारतीत नवे पाइप, कमी पाण्याचे नळ, खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या, सगळं तिनेच करून घेतलं. कुणी कुरकुरलं की हात धुऊन मागे लागायची. मी तिच्याकडेच राहते, त्यामुळे माझी तर आंघोळसुद्धा तिच्या पहाऱ्यात व्हायची.

वरच्या मजल्यावर तिची थोरली जाऊ एकटी राहायची, मी तिला काकू म्हणायचे. कान पार गेलेले. एकदा तिचा नळ रात्रभर वाहिला आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली. आत्या तिला चारचौघांत नाही नाही ते बोलली. अहो, जिला ऐकूच येत नाही, तिला वाहता नळ कसा कळणार? पण आत्याची जीभ म्हणजे सुटलेला बाण. तेव्हापासून दोघींचा अबोला.

तरी तेव्हाचा जुना पाइप चुगली करायचाच. वरचा नळ बंद झाला की खाली आमच्या न्हाणीघरात धाडधाड व्हायचं, हे काकूलाही कान शाबूत होते तेव्हापासून ठाऊक होतं. चहा गाळता गाळता आत्या म्हणायची, "उठल्या महाराणी." तेवढं कळलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

नवे पाइप आले आणि आवाज थांबला. सगळे खूश. आत्या मात्र रोज जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. मी म्हणायचे, "जा ना वर, दार वाजव."

"माझं काय अडलंय?"

एका संध्याकाळी शेजारणीने वरचं दार उघडवलं. काकू सकाळपासून न्हाणीघरात पडलेली होती, मांडीचं हाड मोडून.

दवाखान्यात आत्या उशाशी बसली. काकू हळूच म्हणाली, "पडल्या पडल्या नळ सोडत होते, बंद करत होते. म्हटलं, खाली धडधडलं की तू येशील. तुझा राग अजून गेला नाही ना गं?"

आत्या तिच्या कानाशी ओरडली, "ताई, पाइप बदललेत. मला आवाज आलाच नाही. खरंच नाही आला." हातवारे केले, पुन्हा ओरडली. नर्स येऊन दटावून गेली.

काकूने आत्याचा हात थोपटला. "असू दे. माझंच चुकलं होतं, पाणी वाया घालवलं मी," म्हणाली, आणि डोळे मिटले. पहाटे ती गेली.