देवमन मिस्त्रीची चाकाची पेटी

देवमन मिस्त्रीच्या वस्तू हरवायला लागल्या त्या साठ सालच्या उन्हाळ्यात. हरवायच्या आणि परत यायच्या. मोटारीखाली पोतं अंथरून तो आडवा व्हायचा, हातातला पाना उजव्या बाजूला ठेवायचा, आणि पुन्हा घ्यायला वळला की तिथे नुसतं पोतं असायचं. मान आणखी थोडी वळवली की पाना तिथेच, जणू क्षणभर कुठे फिरून आला होता. देवमनला याची गंमत वाटायची. दुपारच्या झळांमध्ये, टिनाच्या शेडखाली, सगळंच थोडं हलत असतं. पानेही हलत असतील, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

अमरावतीत राजापेठेच्या पलीकडे तेव्हा वस्ती विरळ होती. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतल्यावर देवमनने अकोल्याच्या कापूस व्यापाऱ्याकडची ड्रायव्हरकी सोडली आणि इथे एक तुकडा जमीन घेतली. आधी शेड उभी केली, मग तिच्या कुशीला दोन खोल्यांचं घर. केशरबाई, त्याची बायको, म्हणायची की आपण मोटारीच्या घरी राहायला आलो. जीपा यायच्या, संत्र्याच्या खेपा करणाऱ्या लॉऱ्या यायच्या, एखाद्या वकिलाची जुनी मोटार महिनाभर निंबाखाली उभी राहायची आणि तिच्या टपावर पिवळ्या पानांचा थर बसायचा. देवमनला घाई माहीत नव्हती. इंजिन उघडून ठेवून तो कितीतरी वेळ नुसता त्याच्याकडे बघत बसे.

त्याला एक पेटी हवी होती. लढाईच्या काळात लॉरी घेऊन तो कामठीच्या लष्करी तळावर गेला होता, तिथल्या वर्कशॉपात त्याने ती पाहिली होती. हिरव्या रंगाची, छातीइतकी उंच, लोखंडी, खणांवर खण असलेली आणि खाली चाकं. मिस्त्री एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे गेला की पेटी त्याच्या मागून वासरासारखी जायची. तेव्हा देवमन विशीतला होता. पुढे त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, मुली सासरी गेल्या, पण ती हिरवी पेटी त्याच्या डोक्यातून गेली नाही. शेड बांधताना त्याने तिच्यासाठी एक कोपरा मोकळा सोडला होता. हत्यारं मात्र अजून पोत्यावरच पसरलेली असायची.

पाने फिरायला जातात ही गोष्ट त्याने केशरबाईला हसत सांगितली, तेव्हा ती हसली नाही. तिने बरेच दिवस पाहून ठेवलं होतं. तो जेवताना बाजूचा तांब्या लवंडायचा. हाक मारली तर डोळे न वळवता सगळी मान वळवायचा. संध्याकाळी कंदील लावला की म्हणायचा, याच्याभोवती रंगाचं कडं किती छान दिसते. तिला तसलं कडं कधी दिसलं नव्हतं.

तिने त्याला समोर बसवलं, दोन्ही हात त्याच्या कानांशी नेऊन बोटं हलवली आणि विचारलं, काय दिसते? त्याने सांगितलं, तू दिसतेस.

"अन माहे हात?"

हात शोधायला त्याने मान आधी एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जे गेलं ते येणार नाही, थेंब नेमाने टाकले तर उरलेलं हळूहळू जाईल, असं ते सरळ बोलले. मोटार चालवणं बंद करा म्हणाले. मिस्त्रीकामाचं काय, हे देवमनने विचारलंच नाही. परत येताना तो रस्त्याच्या कडेने चालत होता, आणि केशरबाई पहिल्यांदा त्याच्या मागे न चालता त्याच्या उजव्या हाताशी चालत होती.

काही दिवस तो शेडमध्ये नुसता बसून राहिला. त्याचं जग आता गोल झालं होतं, विहिरीत वाकून पाहिल्यावर तळाशी दिसणाऱ्या आभाळाएवढं. पण गंमत अशी की त्या गोलात जे यायचं ते पूर्वीपेक्षा जास्त सुंदर दिसायचं. कार्बोरेटरच्या पितळेवरचा उजेड. केशरबाईच्या कपाळावरचं गोंदण. तो एकेका वस्तूजवळ रेंगाळायचा. एकदा तो केशरबाईला म्हणाला की सगळं दिसत होतं तेव्हा आपण काहीच पाहिलं नाही. ती म्हणाली, आधी पोट कसं भरायचं ते पाहा. मग तिनेच तो विषय काढला. पाने पोत्यावर सापडत नाहीत, तर त्यांना घर द्यायला पाहिजे. ती पेटी आता आणायला पाहिजे.

अकोल्याला हातिमभाई म्हणून जुन्या लोखंडाचे व्यापारी होते. लष्कराने मोडीत काढलेला माल त्यांच्याकडे यायचा, आणि देवमन त्यांना ड्रायव्हरकीच्या दिवसांपासून ओळखत होता. दिवाळी उलटल्यावर दोघं निघाली. बडनेऱ्याला गाडी बदलली. देवमनच्या पिशवीत त्याचे नेहमीचे पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि एक हातोडी होती, कारण पेटी घ्यायची तर हत्यारं ठेवूनच घ्यायची असं त्याने ठरवलं होतं. खिडकीतून कापूस फुटलेला दिसत होता, एका वेळी एकाच वावराचा. बाकीचं केशरबाई सांगत होती. पऱ्हाटीत रोही उभे आहेत, नीलगाईंचा कळप. एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन गाडीकडे पाहून राहिली आहे. मूर्तिजापूर गेलं. देवमन डोळे मिटून ऐकत होता, आणि कुठलं स्वतः पाहिलं आणि कुठलं तिने सांगितलं हे त्याला पुढे कधी नीट वेगळं करता आलं नाही.

हातिमभाईंच्या गोदामात शिरल्या शिरल्या ती दिसली. हिरवी, छातीइतकी उंच, वरून खालपर्यंत खण. छपरातल्या फटीतून ऊन पडलं होतं ते नेमकं तिच्यावर. देवमन थबकला. इतक्या वर्षांत तिच्यात काहीच बदल झाला नव्हता असं त्याला वाटलं, जणू ती हीच कामठीची पेटी आणि त्याची वाट पाहत इथवर आली. हातिमभाई म्हणाले, मिस्त्री, फौजी माल है, आपके पोते तक चलेगी. देवमनने तिला हळूच ढकललं. चाकं करकरली आणि पेटी पुढे गेली.

पण केशरबाई जागची हलली नाही. तिने हत्यारांची पिशवी घेतली, एकेक खण उघडून हत्यारं आत ठेवली, खण लावून टाकले आणि देवमनला डोळे मिटायला सांगितलं. त्याने मिटले. खाली बसून मधला खण ओढला आणि हात आत घातला. खण खोल होता. हात कोपरापर्यंत गेला तरी नुसतं गार लोखंड लागत होतं, आणि सगळे पाने घरंगळून मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर पडले होते. तो चाचपडत राहिला. वरच्या खणाशी हात नेला तर त्याला उभं राहावं लागलं. गाडीखाली आडवा पडलेला माणूस तिथवर पोचणार कसा, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याची धार बोटाला लागली. त्याने हात बाहेर काढला आणि जवळच्या एका खोक्यावर बसला. मिस्त्रीला नीट दिसत नाही हे हातिमभाईंना आता समजलं होतं.

गोदामाच्या दाराजवळ हातिमभाईंचा तराजू एका बुटक्या सागवानी कपाटावर ठेवलेला होता. बंद पडलेल्या एका छापखान्यातून ते आलं होतं. त्यात छपाईचे शिशाचे खिळे ठेवायचे बारके खण होते, बोटभर उंचीचे, आणि प्रत्येक खणात मधमाशीच्या पोळ्यासारखी लहान लहान घरं. जुळारी मजकुराकडे डोळे लावून नुसत्या हाताने त्यातली अक्षरं वेचायचे, असं हातिमभाईंनी सांगितलं. ते त्यांनी विकायला ठेवलंच नव्हतं. केशरबाईने तराजू बाजूला ठेवायला लावला आणि एक खण ओढला. तो आवाज न करता बाहेर आला.

"इकडे या," ती म्हणाली. "हे पाहा बरं. नाई, पाहू नका. हात लावा."

देवमन खाली मांडी घालून बसला. खण त्याच्या छातीशी येत होता. बोटं एका घरातून दुसऱ्या घरात जात होती, प्रत्येक घराला चार भिंती होत्या आणि कुठेच खोल पडायला होत नव्हतं. एका घरात काही खिळे राहून गेले होते. त्याने एक उचलून बोटाने चाचपला, पण अक्षर कोणतं ते त्याला कळलं नाही. तो तसाच बसून होता. केशरबाईला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आता लोखंडी पेटी इथेच राहणार. निघताना त्याने तिच्या हिरव्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडलं. हातिमभाईंनी कपाट द्यायचं कबूल केलं होतं, ते मालगाडीने मागून येणार होतं.

"थे पेटी दिसाले चांगली होती," देवमन म्हणाला.

"दिसाले," केशरबाई म्हणाली.

कपाटाला पेटी करायचं काम बुधाजींनी केलं. बुधाजी अचलपूरचे सुतार, देवमनच्या बरोबरीचे, दीक्षेला दोघं रेल्वेच्या एकाच डब्यातून गेले होते. ते बसने आले आणि काम होईपर्यंत घरीच राहिले. त्यांनी काही घरांच्या भिंती काढून लांब पान्यांना जागा केली, तळाला जाड फळी ठोकली. बारकी घरं तशीच ठेवली, त्यांत प्लग, जेट, नटं राहणार होती. खणांच्या मुठी त्यांनी मुद्दाम वेगवेगळ्या बसवल्या. एकीला पितळी कडी, एकीला लाकडी गोळी, एकीला चामड्याचा पट्टा, आणि सगळ्यात खालच्या खणाला केशरबाईने जुन्या लुगड्याच्या काठाची वेणी घातली. हात लागला की खण कोणता ते समजायला हवं होतं. चाकं एका मोडक्या स्ट्रेचरची, रबरी होती. शेडची जमीन मात्र काळ्या मातीची, तीत चाक रुतायचं. म्हणून दोघा नवराबायकोंनी शहाबादी फरश्या बसवल्या.

ज्या दिवशी पेटी पहिल्यांदा फरशीवर उभी केली त्या दिवशी देवमनने सगळी हत्यारं आपल्या हाताने तिच्यात ठेवली आणि जरा मागे सरला. फरशीला किंचित उतार राहिला होता. पेटी आपोआप निघाली. हळूहळू, अजिबात आवाज न करता, ती शेडमधून बाहेर अंगणात गेली. देवमनच्या गोलातून ती पाहता पाहता निसटली आणि मग त्याला फक्त तिच्यातल्या पान्यांची बारीक किणकिण ऐकू येत राहिली, लांब जाणाऱ्या बैलाच्या घुंगरांसारखी. निंबाच्या बुंध्याला लागून ती थांबली. बुधाजी धावायला निघाले होते, त्यांना केशरबाईने हाताने थांबवलं होतं. देवमन मान तिरकी करून ऐकत उभा होता. मग तो हसायला लागला, आणि किती महिन्यांनी तो असा हसत होता हे केशरबाईच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी चाकांना पाचर लागली.

त्यानंतर देवमनचं काम पुन्हा सुरू झालं. गाडीखाली पडून तो हात लांब करायचा, वेणी लागायची, खण उघडायचा, आणि पाना तिथे असायचा. वस्तूंचं फिरणं थांबलं. गिऱ्हाइकांना आधी शंका वाटायची, मग सवय झाली. ज्या कामाला डोळे लागायचेच, तिथे केशरबाई वाकून पाहायची आणि सांगायची, फट जास्त झाली, वायर काळी पडली. असं करता करता तिला हत्यारांची नावं पाठ झाली.

खणात राहिलेल्या शिशाच्या खिळ्यांचं तिने वेगळंच केलं. त्यावरची अक्षरं उलटी असतात हे तिला ठाऊक नव्हतं. एकदा पोळ्या करताना सहज तिने एक खिळा कणकेच्या गोळ्यावर दाबला, आणि गोळ्यावर अक्षर सुलटं उमटलं. देवमनला गोळा दाखवला. त्याने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि सांगितलं, हा 'म' आहे. तिला वाचता येत नव्हतं. त्या हिवाळ्यात रोज एखादं अक्षर उमटायचं, त्याची पोळी व्हायची, आणि दोघं ते अक्षर खाऊन टाकायची. पुढे ती राजापेठेतल्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत चालायला लागली, त्याला कुठवर आलो ते कळावं म्हणून.

सदुसष्ट-अडुसष्टपर्यंत देवमनचा गोल सुपारीएवढा झाला. जड कामं त्याने धर्मपाल नावाच्या तरुण मिस्त्रीकडे दिली, त्याला अर्धी शेड वापरायला दिली आणि स्वतः कार्बोरेटर, मॅग्नेटो असे बारके सुटे भाग घेऊन पेटीशी बसू लागला. दिसणं कमी झालं तशी त्याची स्वप्नं मोठी होत गेली. दुपारी खणावर हात ठेवून त्याचा डोळा लागायचा, आणि उठल्यावर तो केशरबाईला सगळं सांगायचा.

एका थंडीतल्या दुपारी तो असाच जागा झाला. ती शेजारी तूर निवडत होती. त्याने सांगितलं की तो परतवाड्याच्या रस्त्याने जीपमधून चालला होता, झाडांच्या कमानीखालून, आणि दोन्ही अंगांचं एकदम दिसत होतं.

"काय दिसलं?"

"डावीकडे संत्र्याचे बगिचे. पाटाचं पानी. उजवीकडे मेळघाटाचे डोंगर, एकदम निळे."

"अन मी कुठी होती?"

देवमनने जरा आठवून पाहिलं. "तूच तर चालवून राहिली होती," तो म्हणाला. "मी बाजूले बसलो होतो. मले पाहाले मोकळं होतं ना."

केशरबाईने सूप खाली ठेवलं आणि विचारलं की जीप कोणाची होती. एवढ्यात फाटकाशी एक गाडी घरघरत येऊन थांबली. धर्मपाल बाहेर गेलेला होता. देवमनने पाचर काढली, पेटीवर हात ठेवला, आणि दोघं मिळून ती आवाजाच्या दिशेने ढकलत निघाली.